ॲडमिन अधिकार गेला? आधी यादीत कोण उरलंय ते पाहा

एखादा प्रोग्राम टाकायला घ्यावा, पडदा अंधारावा, मधोमध परवानगीची चौकट यावी आणि तिच्यात पासवर्ड लिहायला जागाच नसावी. 'नो' दाबता येतं, 'येस' मात्र करडं पडलेलं, कितीही क्लिक करा, ढिम्म. विंडोजवर ॲडमिन अधिकार गेल्याची ही सगळ्यात पक्की खूण. ही चौकट दाखवताना विंडोज चालू असलेली ॲडमिन खाती शोधते, कारण त्यांच्यापैकी कुणाचा तरी पासवर्ड मागायचा असतो. एकही सापडलं नाही तर मागणार कोणाकडे? म्हणून बटण करडं. उलट चौकटीत एखाद्या खात्याचं नाव आणि त्याखाली पासवर्डची रिकामी जागा दिसत असेल, तर ॲडमिन अजून शाबूत आहे आणि त्याचं नावही समोर आहे. फक्त पासवर्ड मिळवायचाय.

एवढा फरक आधी ओळखला तरी पुढचे बरेच हाल टळतात. 'ॲडमिन ॲक्सेस गेला' म्हणणाऱ्यांच्या तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. कुणी पासवर्ड किंवा पिन विसरलेला असतो. अधिकार जागेवर असतो, आत जाता येत नसतं. कुणी आत जाऊ शकतो, पण खातं साधं झालेलं असतं. आणि तिसरा खरं तर ॲडमिनच असतो, फक्त एखादा फोल्डर त्याला दार उघडत नसतो. तिन्हींचे उपाय वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की नुकसान वाढतं.

अधिकार म्हणजे यादीतलं नाव

विंडोजमध्ये ॲडमिन खातं असं वेगळ्या मातीचं काही नसतं. सगळी खाती सारखीच. 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' नावाच्या गटात ज्याचं नाव आहे तो ॲडमिन. नाव काढलं की तेच खातं साधं, परत घातलं की पुन्हा ॲडमिन. अधिकार परत मिळवायचा म्हणजे या यादीत नाव घालायचं, आणि ते यादीत आधीपासून असलेलं कुणीतरीच घालू शकतं. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी एकच: यादीत आता कोण आहे?

ते पाहायला अधिकार लागत नाही. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, सीएमडी लिहून एंटर करा आणि काळ्या खिडकीत 'नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स' ही आज्ञा द्या (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत लिहायच्या, इथे उच्चार दिले आहेत). गटातली नावं एकाखाली एक येतील. मायक्रोसॉफ्ट खात्याने बसवलेल्या संगणकावर एखादं तुटकं नाव दिसलं तर चक्रावू नका. विंडोज अशा खात्याचं अंतर्गत नाव बहुधा ईमेल पत्त्याच्या पहिल्या पाच अक्षरांवरून ठरवते. मग 'नेट यूजर ॲडमिनिस्ट्रेटर' अशी आज्ञा देऊन 'अकाउंट ॲक्टिव्ह' ही ओळ पाहा. तिथे बहुतेकदा 'नो' असेल. हे विंडोजसोबत येणारं अंगभूत खातं व्हिस्टापासून मुळातच बंद ठेवलेलं असतं. यादीत त्याचं नाव असतं, पण ते झोपलेलं.

यादीत तुमचं स्वतःचं नाव दिसलं तर तुमचा अधिकार गेलेलाच नाही. व्हिस्टापासून विंडोज ॲडमिनलाही रोजच्या कामात साध्या माणसासारखंच वागवते: लॉगइन करताना त्याला दोन ओळखपत्रं मिळतात, एक पूर्ण अधिकाराचं आणि एक काटछाट केलेलं, आणि प्रोग्राम त्या काटछाट केलेल्यावर चालतात. पूर्ण अधिकार हवा तर प्रोग्रामवर उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावं लागतं. 'मी ॲडमिन आहे, तरी नाही म्हणतो' ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरच मिटते. ही ओळखपत्रं लॉगइनच्या क्षणी तयार होतात, हेही ध्यानात ठेवा. यादीत नाव घातल्यावर साइन आउट करून पुन्हा आत आल्याशिवाय फरक पडत नाही, आणि 'केलं तरी काही झालं नाही' म्हणत लोक तेच पुन्हा पुन्हा करत बसतात.

यादी रिकामी होते कशी? शेवटच्या ॲडमिनला साधं करायला गेलात तर विंडोजचं नेहमीचं पान सहसा अडवतं. फसगत होते ती साखळीने. कुणीतरी कुठलासा उपाय वाचून अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर खातं चालू करतो. आता दोन ॲडमिन आहेत, म्हणून विंडोज आपलं खातं साधं करू देते. मग काम झालं म्हणून तो अंगभूत खातं बंद करतो. प्रत्येक पाऊल वेगळं पाहिलं तर बिनचूक, आणि शेवटी जागा कोणीच नाही.

हात लावण्याआधी

साध्या खात्यातूनही तुमचे स्वतःचे फोटो, कागदपत्रं, डाउनलोड सगळं वाचता येतं आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतं. ते आधी करा. पुढचे काही उपाय डिस्क पुसण्यापर्यंत जातात.

दुसरी गोष्ट रिकव्हरी की. विंडोज १० आणि ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर, होम आवृत्तीतसुद्धा, डिस्क आपोआप कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. दुरुस्तीच्या पडद्याकडे किंवा सेफ मोडकडे (गरजेपुरत्याच गोष्टी चालवणाऱ्या विंडोजकडे) वळलं की संगणक ४८ आकडी किल्ली मागू शकतो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर, डिव्हायसेसच्या विभागात साठवलेली असते. मात्र ज्याने हा संगणक पहिल्यांदा सुरू करून दिला त्याच्या खात्यात. तो घरातला दुसरा कुणी असेल तर त्याला लॉगइन करून पाहायला सांगा आणि किल्ली कागदावर उतरवा. त्याच संगणकात जपून ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवणं.

यादीत दुसरं कुणी असेल तर

हा सोपा रस्ता, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा उघडा असतो. विंडोज बसवताना बनलेलं पहिलं खातं ॲडमिन असतं. ते घरातल्या कुणाचं आहे ते शोधा. त्या माणसाने लॉगइन करून सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे 'अदर यूजर्स' (विंडोज १० वर 'फॅमिली अँड अदर यूजर्स'), तुमच्या नावावर क्लिक, 'चेंज अकाउंट टाइप' आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर' एवढं केलं की झालं.

त्यालाच पासवर्ड आठवत नसेल तर आधी ते खातं कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर पासवर्ड दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून त्यांच्या संकेतस्थळावर बदलता येतो. पण तो बदलल्यावर अडकलेल्या संगणकाला लॉगइनच्या पडद्यावरूनच वायफाय जोडून द्या, नाहीतर त्याला नवा पासवर्ड कळणारच नाही आणि तो जुनाच मागत राहील. खात्याला जोडलेला फोन नंबर आणि पर्यायी ईमेल दोन्ही बंद झाले असतील तर ती माहिती बदलायला ३० दिवसांची वाट पाहावी लागते. ही वाट चुकवण्याचा आडमार्ग विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

स्थानिक खातं, म्हणजे फक्त त्या संगणकापुरतं बनवलेलं, असेल तर एकदा चुकीचा पासवर्ड टाका. खाली 'रीसेट पासवर्ड' असा दुवा आला तर खातं बनवताना घातलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन नवा पासवर्ड ठेवता येतो. ही सोय विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून आहे.

संगणकावर दुसरा ॲडमिन असेल तर तो स्थानिक खात्याचा पासवर्ड थेट बदलून देऊ शकतो, पण इथे एक खड्डा आहे. स्वतः जुना पासवर्ड देऊन तो बदलणं आणि दुसऱ्याने वरून नवा लादणं यांत मोठा फरक पडतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, विंडोजने साठवलेली इतर ओळखपत्रं, प्रो आवृत्तीत कूटबद्ध केलेल्या फाइली यांची किल्ली तुमच्या पासवर्डपासून बनलेल्या दुसऱ्या किल्लीने बंद केलेली असते. जुना पासवर्ड माहीत असेल तर विंडोज ती उघडून नव्याने बंद करते. वरून लादला तर उघडणार कशाने? खात्यात शिरता येतं, पण त्या वस्तू कायमच्या कुलपात राहतात. विंडोज याची सूचना देते, आणि लोक ती न वाचता 'प्रोसीड' दाबतात. म्हणून वर सांगितलेले दोन रस्ते आधी, हा नंतर.

यादी खरोखर रिकामी असेल तर

आता ते झोपलेलं अंगभूत खातं कामाला येतं. संगणक कार्यालयाच्या डोमेनला (सगळे संगणक एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला) जोडलेला नसेल आणि दुसरं एकही चालू ॲडमिन खातं नसेल, तर सेफ मोडमध्ये विंडोज हे बंद खातं वापरू देते. नेमकी अशा अडचणीसाठीच ही वाट ठेवलेली आहे.

लॉगइनच्या पडद्यावर पॉवरचं चिन्ह दाबा आणि शिफ्ट धरून ठेवून 'रीस्टार्ट' निवडा. निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज' आणि पुन्हा 'रीस्टार्ट'. किल्ली मागितली तर ४८ आकडे द्या. यादी आली की ४ दाबा. सेफ मोडचा लॉगइन पडदा येईल आणि त्यावर 'ॲडमिनिस्ट्रेटर' हे नाव दिसलं पाहिजे. पूर्वी कुणी पासवर्ड घातला नसेल तर तो रिकामाच असतो, नुसतं एंटर करा.

आत गेल्यावर सेटिंग्जच्या नादी लागू नका, सेफ मोडमध्ये ते अडखळतं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे मघाचीच काळी खिडकी, उघडा आणि 'नेट यूजर' लिहून तुमच्या खात्याचं अंतर्गत नाव बघून घ्या. मग 'नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स', एक मोकळी जागा, खात्याचं नाव, मोकळी जागा, तिरपी रेघ (/) आणि लगेच 'ॲड'. नावात मोकळी जागा असेल तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. आज्ञा यशस्वी झाल्याची ओळ आली की नेहमीसारखं रीस्टार्ट करा, आपल्या खात्याने आत या आणि पहिल्या आज्ञेने यादी पुन्हा तपासा.

सेफ मोडमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर दिसलाच नाही तर? बहुधा त्याचा अर्थ असा की कुठलंतरी दुसरं ॲडमिन खातं अजून चालू आहे आणि विंडोजच्या दृष्टीने तुम्ही अडकलेलेच नाही. पुन्हा यादी वाचा. जुन्या मालकाचं, दुरुस्तीवाल्याने बनवलेलं किंवा विसरून गेलेलं खातं तिथे सापडतं. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, त्यामुळे खऱ्या पासवर्डची तयारी ठेवा.

इथे एका फार पसरलेल्या सल्ल्याचं काय चुकतं ते सांगायला हवं. दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि अंगभूत खातं 'ॲक्टिव्ह येस' करा, असं सर्रास सांगितलं जातं. आज्ञा चालते, यशस्वी झाल्याचंही लिहून येतं, आणि रीस्टार्ट केल्यावर काहीच बदललेलं नसतं. कारण दुरुस्तीचा पडदा म्हणजे मेमरीत चालणारी एक वेगळी छोटी विंडोज असते, तिचा ड्राइव्ह एक्स अक्षराचा असतो आणि तिची खातीही वेगळी असतात. तुम्ही तिचा ॲडमिन चालू केलात, जो रीस्टार्टबरोबर पुसला गेला.

दुसरा प्रसिद्ध जुगाड म्हणजे लॉगइन पडद्यावरच्या सुलभतेच्या बटणामागची फाइल बदलून तिथे कमांड प्रॉम्प्ट बसवणं. डिस्क कूटबद्ध असेल तर किल्लीशिवाय तिथवर पोहोचता येत नाही, विंडोजचं स्वतःचं सुरक्षा साधन अशी अदलाबदल हल्ला म्हणून पकडतं, आणि फाइल परत जागेवर ठेवायची राहिली तर लॉगइन न करता कुणालाही पूर्ण अधिकार मिळेल असं भोक मागे उरतं. मी हे सुचवणार नाही. पैसे घेऊन पासवर्ड काढून देणारे प्रोग्रामही कूटबद्ध डिस्कपुढे तितकेच हतबल असतात, जाहिरातीत काहीही म्हणोत.

काहीच जमलं नाही तर विंडोज नव्याने बसवणं उरतं. 'रीसेट धिस पीसी' मधला 'कीप माय फाइल्स' हा पर्याय इथे बहुधा उपयोगी पडत नाही, कारण फाइली ठेवायच्या तर तो ॲडमिनने साइन इन करावं अशी अट घालतो. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' चालतं, पण नावाप्रमाणे सगळं जातं. किंवा दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजची बसवणी तयार करा आणि त्यावरून सुरुवात करा. आधी होती तीच आवृत्ती, होम असेल तर होमच, निवडली तर परवाना इंटरनेट जोडल्यावर आपोआप लागतो. तो बहुधा यंत्राशी बांधलेला असतो.

वापरलेला संगणक विकत घेतला असेल आणि त्यावर परक्याचं ॲडमिन खातं असेल, तर वरचं काहीच करत बसू नका, सरळ नव्याने बसवा. आणि सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' पानावर एखादी संस्था जोडलेली दिसली, तर अधिकार हरवलेला नसतो, काढून घेतलेला असतो. त्या संस्थेच्या आयटी विभागालाच विचारायचं.

फाइल नाही म्हणते, संगणक नाही

जुन्या संगणकातली डिस्क नव्याला जोडली आणि 'ॲक्सेस डिनाइड' आलं, की अधिकार गेला असं वाटतं. प्रत्यक्षात त्या फाइलींवर जुन्या विंडोजमधल्या खात्याचा क्रमांक मालक म्हणून कोरलेला असतो, आणि नव्या विंडोजला तो क्रमांक ओळखीचा नसतो. नाव सारखं असलं तरी क्रमांक वेगळा. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी', मग 'ॲडव्हान्स्ड', तिथे 'ओनर'समोर 'चेंज' करून आपलं नाव घाला आणि आतल्या सगळ्याला लागू करायची खूण करा. हे फक्त आपल्या फोल्डरवर करायचं. अख्ख्या सी ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या फोल्डरवर मालकी घेतली तर अपडेट अडतात आणि ते निस्तरायला शेवटी नव्याने बसवणंच हाती राहतं.

लिनक्सवर

तत्त्व तेच, फक्त यादीचं नाव बदलतं. डेबियन आणि उबुंटूवर 'सूडो' गट (ॲडमिन म्हणून आज्ञा चालवू देणाऱ्या सूडो प्रोग्रामच्या नावाचा), फेडोरावर 'व्हील'. तुम्ही सूडोअर्स फाइलमध्ये (सूडो कुणी वापरायचा त्याच्या नोंदीत) नाही असा टोमणा मिळाला की 'ग्रुप्स' ही आज्ञा देऊन आपण कुठल्या गटांत उरलो आहोत ते पाहा.

नेहमीचं कारण एकाच अक्षराचं असतं. स्वतःला एखाद्या नव्या गटात घालताना 'यूजरमॉड' या खातं बदलणाऱ्या आज्ञेला मोठा जी दिला पण त्याआधीचा लहान ए विसरला. लहान ए म्हणजे 'भर घाल'. तो नसेल तर आज्ञा जुने सगळे जोडगट काढून फक्त नवा ठेवते, आणि सूडो त्या काढलेल्यांत असतो. चालू सत्रात काही कळत नाही, पुन्हा लॉगइन केल्यावर फटका बसतो. अजून एखाद्या खिडकीत रूटचं (लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याचं) सत्र उघडं असेल तर ते बंद करण्याआधीच चूक सुधारा.

नसेल तर संगणक सुरू होताना शिफ्ट धरा (नव्या यूईएफआय यंत्रांवर एस्केप टिचकवा), ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'रिकव्हरी मोड', मग 'रूट'. डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडलेली असू शकते, म्हणून आधी 'माउंट', डॅश ओ, 'रीमाउंट' स्वल्पविराम 'आरडब्ल्यू' आणि तिरपी रेघ. मग 'यूजरमॉड', डॅश, लहान ए, मोठा जी, 'सूडो', आपलं नाव. रीबूट. डेबियनवर रूट खातं कुलूपबंद असल्याची तक्रार येऊन ही वाट बंद झाली, तर ग्रबमध्ये ई दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीत 'आरओ'च्या जागी 'आरडब्ल्यू' करा, शेवटी 'इनिट', बरोबरचं चिन्ह (=) आणि लगेच बॅश या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामचा पूर्ण मार्ग जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. बदल त्या एका सुरुवातीपुरताच असतो.

सूडोअर्स फाइलच बिघडली असेल तर कारण बहुतेकदा साध्या संपादकात केलेला बदल असतो. 'व्हीसूडो'ने उघडली तर जतन करण्याआधी व्याकरण तपासलं जातं. आणि कुणी सगळ्या डिस्कवर ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळं करू देणारी) फिरवली असेल, तर सूडो स्वतःच चालायला नकार देतो. रूट होऊन त्याची मालकी रूटला आणि परवानगी ४७५५ केली तरी तेवढ्याने भागत नाही, सूडोअर्स फाइलही कुणालाही लिहिता येण्याजोगी झालेली असते, आणि बाकीच्या हजारो फाइलींच्या परवानग्या विस्कटलेल्याच राहतात. अशा वेळी माहिती उतरवून नवी बसवणी करणं शहाणपणाचं.

मॅकवर थोडक्यात

'यूजर्स अँड ग्रुप्स'मध्ये नावाखाली 'ॲडमिन' की 'स्टँडर्ड' ते लिहिलेलं असतं. दुसरं ॲडमिन खातं असेल पण पासवर्ड नसेल तर रिकव्हरीत जा: ॲपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक असेल तर पॉवर बटण पर्याय दिसेपर्यंत धरून ठेवा, इंटेलचा असेल तर कमांड-आर. तिथल्या टर्मिनलमध्ये 'रीसेटपासवर्ड' हा शब्द जोडून लिहा. फाइलव्हॉल्ट (मॅकची डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू असेल तर ॲपल खातं किंवा २४ अक्षरी रिकव्हरी की लागेल. पासवर्ड असा बदलल्यावर जुनी कीचेन (मॅकने साठवलेल्या पासवर्डांची पेटी) उघडत नाही, नवी बनते. जुना पासवर्ड कधी आठवलाच तर जुनी उघडता येते, म्हणून ती घाईने पुसू नका.

परत मिळाल्यावर लगेच

दुसरं ॲडमिन खातं बनवा, स्थानिक, स्वतःच्या वेगळ्या पासवर्डचं, आणि तो पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवा. रोजचं काम साध्या खात्यातून करा. काही बसवायचं असेल तेव्हा चौकट हा पासवर्ड मागेल, दिला की झालं. अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर चालू केला असेल तर 'नेट यूजर ॲडमिनिस्ट्रेटर', मोकळी जागा, तिरपी रेघ, 'ॲक्टिव्ह', अपूर्णविराम, 'नो' अशी आज्ञा देऊन बंद करा. त्याला परवानगीची चौकटसुद्धा येत नाही, त्यामुळे त्यातून चाललेला प्रोग्राम न विचारता सगळीकडे हात घालू शकतो. मात्र बंद करण्याआधी नव्या ॲडमिन खात्याने एकदा साइन आउट-साइन इन करून, एखाद्या प्रोग्रामवर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' देऊन पाहा. 'येस' बटण दाबता आलं तरच बंद करा.